काझी सरांचं डिपार्टमेंट

ज्या डिपार्टमेंटमध्ये विद्यार्थी असतात तिथे निकाल साठतात. जिथे नसतात तिथे किस्से! आमच्याकडे दोन खोल्या, एक पंखा आणि दोन मास्तर होते. हेड डॉ. करीम काझी, आणि मी त्यांच्या हाताखालचा लेक्चरर, भोयर. विषय इस्लाम आणि तौलनिक धर्म. आता रिटायर झाल्यावर मित्रांत हे सांगायला लागलो की सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो. घरी आल्यावर मात्र जेवण जात नाही.

*

मी काटोलकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळेत फारसी घेतली, मार्क चांगले पडतात म्हणून. तिथून अरबी, तिथून एम. ए., तिथून ही नोकरी. नोकरी पक्की झाली तेव्हा बाबा म्हणाले, "काहून गा, दुसरा काही विषय भेटला नाही तुले?"

लग्न जमवतानाही तेच. मुलगा इस्लाम शिकवतो म्हटलं की मंडळी पोहे अर्धे टाकून उठायची. तीन स्थळं अशी गेली. चौथ्या वेळी बाबांनी परस्पर "इतिहास" सांगून टाकलं!

लग्नानंतर पंधरा दिवसांनी सुमननं माझ्या टेबलावरची पुस्तकं उघडून पाहिली. एकेक मिटून जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "मग इतिहास कोण शिकवते?"

*

काझी सर शहराबाहेरच्या कामठीचे. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. रोज बसनं येणं जड जायला लागलं, म्हणून त्यांनी डिपार्टमेंटजवळच्या धरमपेठेतल्या एका घरमालकांना जागेसाठी पत्र लिहिलं. खाली सही नुसती 'काझी'. मालक अक्षरावर आणि भाषेवर खूश! ताबडतोब बोलावणं आलं. मीही सोबत गेलो होतो.

चहा आला, चिवडा आला, भाडं ठरलं. किल्ली हातात देता देता मालकांनी सहज विचारलं, "काझी म्हणजे आपण देशस्थ की कोकणस्थ?"

सर म्हणाले, "कामठीस्थ."

किल्ली परत खिशात गेली. मालकांना एकदम आठवलं, की पुण्याहून त्यांचा भाचा राहायला येणार आहे. सर पुढची अठरा वर्षं बसनंच आले.

*

एका वर्षी आम्हाला एकच विद्यार्थी होता. तो हॉस्टेलची खोली मिळावी म्हणून आलेला. सर त्या एकट्यासमोर उभं राहून पूर्ण तास शिकवायचे. फळा वरपासून खालपर्यंत भरायचे.

एकदा तो जांभई आवरत म्हणाला, "सर, पण शेवटी सगळे धर्म एकच असतात ना?"

सरांनी खडू ठेवला. "एकच असते तर दोन वर्षांचा कोर्स कशाला ठेवला असता रे?"

पुढच्या महिन्यात त्याला खोली मिळाली. वर्गात तो परत दिसला नाही. सर मात्र घंटा झाली की वर्गात जाऊन बसायचे.

*

माझी गत दोन्हीकडून सारखीच. मोमिनपुऱ्याच्या मुस्लिम वस्तीत एकदा भाषणाला बोलावलं. भाषण झाल्यावर एक बुजुर्ग उठले. "प्रोफेसर साहब, आप क़ुरआन पढ़ते हैं?"

मी म्हणालो, "जी, पढ़ाता हूँ."

मला वाटलं हशा पिकेल. कोणी हसलं नाही.

आणि त्याच आठवड्यात, मी राहायचो त्या महाल भागात, आमच्या गल्लीतल्या काकूंनी सुमनला नळावर गाठलं. मोठ्या काळजीनं विचारलं, "तुमच्यात कोणते कोणते सण असतात वं?"

सुमन घागर अर्धीच घेऊन घरी आली.

*

हा किस्सा मी फारसा सांगत नाही. सर कामासाठी आमच्या घरी आले होते, आणि अचानक दंगल होऊन शहरात कर्फ्यू लागला. कामठीच्या बस बंद. तीन दिवस सर आमच्याकडेच अडकले.

पहिल्याच संध्याकाळी आमचे घरमालक डोकावले. "पाहुणे कोण गा, भोयर?"

सर तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "काळे. आमच्या गावचे."

सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. नंतर तीन दिवस ते काळे म्हणून राहिले. मालक "काळेसाहेब" म्हणून हाक मारायचे, सर "हं" म्हणायचे. नमाज त्यांनी आतल्या खोलीत, दार लावून पढली. दाराबाहेर सुमन तांदूळ निवडत बसायची. एकदा निवडून झाले की पुन्हा तेच निवडायची.

चौथ्या दिवशी बस सुरू झाली. सर उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "येतो भोयर. काळ्यांना इथंच ठेवून जातो. पुन्हा लागतील."

मी त्यांना बसपर्यंत सोडायला जायला हवं होतं. गेलो नाही.

*

सर रिटायर व्हायच्या वर्षी डिपार्टमेंट बंद झालं. मला तत्त्वज्ञानात ढकललं. शेवटच्या दिवशी आमचा चपराशी गुलाबराव स्टुलावर चढून पाटी उचकटत होता.

"काय करता, गुलाबराव?" सरांनी विचारलं.

"बोर्ड काढून राहिलो, सर. याच्या मांगच्या बाजूनं 'सायकल स्टँड' लिहाचं हाय."

सरांनी पुढे होऊन स्टूल धरलं. "बरं झालं," म्हणाले. "आता तरी गर्दी होईल!"

*

दोन वर्षांनी सर गेले. कळलं तसा मी कामठीला धावलो. मैदानात जनाजा ठेवलेला, नमाजेसाठी माणसं रांगेत उभी राहत होती. मी कडेला, चपलांच्या ढिगाजवळ उभा होतो.

शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं माझी बाही धरून आत ओढलं. "आ जाओ मियाँ, बीच में जगह ख़ाली नहीं छोड़ते." मी चपला काढून उभा राहिलो.

इमाम अजून पुढे झाले नव्हते. म्हातारा माझ्या कानाशी वाकला. शरमून म्हणाला, "बेटा, पढ़ा-लिखा नहीं हूँ. तीसरी तकबीर के बाद क्या पढ़ना है, भूल जाता हूँ. तुमको आता है?"

तिसऱ्यांदा 'अल्लाहु अकबर' म्हटल्यावर गेलेल्यासाठी मागायची ती दुआ मी वीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवली होती. एकेक शब्द सुटा करून सांगितली. तो माझ्यामागून म्हणत गेला. एकदा चुकला, पुन्हा म्हणाला. मग त्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"बहुत साफ़ पढ़ते हो. किसके लड़के हो?"

मी समोर जनाज्याकडे बोट दाखवलं. म्हणालो, "क़ाज़ी साहब का."