पाहुण्यांसमोर फोन नको

आमच्या मॅडम कॉलेजात संगणक शिकवतात, पण त्यांचं संशोधन चालतं लोकांच्या घरांत. रोजच्या कामात माणसं फोन कसा वापरतात, कुठे अडतात, अडल्यावर काय वाट काढतात, हे बघायचं आणि त्यावरून फोनमधल्या सोयी कशा असाव्यात ते ठरवायचं. त्यासाठी त्यांना मदतनीस हवी होती. एका कोपऱ्यात बसायचं, मध्ये पडायचं नाही, फक्त बघायचं. असं काम माझ्यासाठीच कुणीतरी शोधून काढलंय असं मला वाटलं.

मॅडमना तसं वाटत नव्हतं. "वर्गात तोंड उघडत नाहीस, लोकांच्या घरात काय करशील?" त्या म्हणाल्या. "एक घर करून दाखव. जमलं तर ठेवते, नाहीतर दुसरं कुणी बघते."

घर मिळालं बिबवेवाडीत. निवृत्त काका-काकू, दोघांकडे स्मार्टफोन. काकूंनी मला सोफ्यावर बसवलं आणि टेबलावरचा आपला फोन उचलून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

"वापरा ना तुम्ही," मी कसंबसं म्हटलं. "मी त्यासाठीच आलेय."

"पाहुणं माणूस समोर असताना फोन घेऊन बसायची आमच्याकडे पद्धत नाही. तुम्ही पोहे घ्या."

दुसऱ्या खेपेलाही तेच. फोन ड्रॉवरमध्ये, माझ्या हातात उपम्याची बशी. काका खूश होते. "रोज येत जा हो," ते म्हणाले. "तुम्ही आलात की ही माझ्याशी बोलते."

पोट भरलेलं आणि कागद कोरा, अशी मी जिना उतरले. मॅडमनी एकच खेप आणखी दिली.

त्या दिवशी काकू हॉलमध्ये जमिनीवर गवार निवडत होत्या. मला बघून त्या ताट सारून उठायला लागल्या. त्या उठल्या की फोन ड्रॉवरमध्ये जाणार, हे मला दिसत होतं. मी पटकन समोर मांडी घालून बसले आणि ताट ओढलं. "मी निवडते."

काकूंनी मला निरखलं. "इंग्लिश मीडियम ना? येते का गवार निवडता?"

"थोडीफार."

"दिसतंय. अगं, शिरा काढायच्यात, शेंगेचा जीव नाही घ्यायचा."

'तुम्ही'ची मी आता 'तू' झाले होते. फोन काकूंच्या मांडीशेजारी तसाच पडून राहिला.

थोड्या वेळाने त्यांनी कोपराने तो जवळ ओढला, करंगळीने माईकचं बटण दाबलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "दूध तापलं असेल, गॅस बंद करा." बोललेलं फोनवर अक्षरांत उमटलं आणि काकांना गेलं. काका स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत पेपर वाचत होते. त्यांना कमी ऐकू येतं, आणि कानाचं यंत्र कपाटात असतं. म्हणून त्यांना हाक न मारता मेसेज. लगेच उत्तर आलं: उंचावलेला अंगठा.

मग स्वयंपाकघरातून चर्रर्र असा आवाज आला. काकू धावल्या.

"अहो, मेसेज वाचलात ना?"

"वाचला म्हणूनच अंगठा पाठवला," काका शांतपणे म्हणाले. "बंद करतो असं कुठे म्हटलं?"

मी मागोमाग जाऊन दुधाने भरलेला ओटा पुसायला लागले, आणि हसू दाबणं काही जमेना. शेवटी काकूही हसल्या.

मॅडमनी माझी टिपणं वाचली. अंगठ्यापाशी त्या थांबल्या, परत वाचलं, आणि स्टाफरूममधल्या दोघींनाही वाचून दाखवलं. मग चष्मा काढला. "पण निरीक्षकाने घरकामात हात घालायचा नसतो. सांगितलं होतं मी."

"हो मॅडम. पण मी नुसती बसून राहिले असते तर फोन ड्रॉवरमध्येच राहिला असता."

त्यांच्यासमोर इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच बोलले होते. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

"परत बोलावलंय का त्यांनी?"

"गुरुवारी. मेथी आणणार आहेत."

"येते निवडता?"

"नाही."

"मग शिकून जा," मॅडम म्हणाल्या, आणि कर्वेनगरमधल्या पुढच्या घराचा पत्ता माझ्यापुढे सरकवला.