पहिल्या बाकावरची जागा

बटणताई घराचं कुलूप तीनदा ओढून बघायच्या आणि चौथ्यांदा बघायला वन्संना परत पाठवायच्या. "वहिनी, चोर आला तर आपल्याच घरात काहीतरी ठेवून जाईल बिचारा," असं वन्सं म्हणायच्या, पण जायच्या. ताईंचे यजमान गेल्यापासून घरात या दोघीच, भावजय आणि नणंद. दोघींचीही पन्नाशी उलटलेली. बाजारातल्या गल्लीत ताईंचं अरुंद दुकान होतं. उसवलेलं शिवायचं, चेन बदलायची, तुटलेली बटणं लावायची. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं.

अशा भित्र्या बाईला नव्या लोकांच्या स्वागताला चर्चच्या दारात उभं करायचं कुणाला सुचावं? पाळकसाहेबांना सुचलं. अकरा वर्षांपूर्वी ताई इथे नवीन आल्या, तेव्हा ओळीने तीन रविवार त्यांच्याशी कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. पुढे कधीतरी हे कानावर गेल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "दारात काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मग तुम्हीच उभ्या राहा." तेव्हापासून दर शनिवारी ताई दुकानात पायमशीन चालवता चालवता पुटपुटायच्या, "या, बसा. पहिल्यांदाच आलात का?" आणि रविवारी नवीन चेहरा दिसला, की पाठ केलेलं विसरायचं ते विसरायचंच.

एका रविवारी उपासनेला वीस मिनिटं असताना एक बाई आली. उंच, चाळिशीची, इस्त्री केलेली निळी साडी, केसांत मात्र कापसाचा एक बारीक तंतू अडकलेला. ताईंनी नवीन आलेल्यांची वही पुढे केली. तिने त्यात पत्ता लिहिला आणि सरळ जाऊन पहिल्या बाकाच्या कडेला बसली.

ती जागा गुरुजींची. शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींचा गुडघा वाकत नसे, म्हणून पाय लांब करायला त्यांना कडेची जागा लागायची. आणि जागा गेली, की त्यांचा पारा चढायचा. ताई लगबगीने गेल्या. "बाई, जरा मागं बसता का? इथं गुरुजी बसतात."

बाई त्यांच्या तोंडाकडे एकटक पाहत राहिली. मग उठली आणि मागे खांबाआड जाऊन बसली. दुसरं गीत संपायच्या आत ती निघूनही गेली. गुरुजींना त्या दिवशी सर्दी झाली होती, ते आलेच नाहीत. सबंध उपासनाभर पहिल्या बाकाची कड रिकामी राहिली आणि ताईंची नजर तिथून हलेना.

तो आठवडा वाईट गेला. सोमवारी त्यांनी एका शर्टाची बाही उलटी जोडली. मंगळवारी गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकूच आलं नाही. वन्सं म्हणाल्या, "एवढा जीव टांगणीला लावण्यापेक्षा जाऊन या की. फार तर दारातून हाकलेल."

"तीच तर भीती आहे हो."

बुधवारी त्या गेल्या. पत्ता यंत्रमागाच्या कारखान्यामागचा होता, एका ओळीत सहा दारं, भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट. त्यांनी तिसरं दार वाजवलं. आत भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी वावरत होतं. पुन्हा वाजवलं. भांडी वाजतच राहिली, दार काही उघडलं नाही. आपल्याला खिडकीतून पाहूनच ती गप्प बसली आहे, असं ताईंनी ठरवून टाकलं आणि मान खाली घालून परतल्या. घरी वन्संनी विचारलं, तर म्हणाल्या, "चुकलं ते चुकलंच. आता तोंड दाखवायला जागा नाही."

पण मन त्यांना खात राहिलं, स्वस्थ बसू देईना. गुरुवारी पुन्हा त्याच दाराशी. या वेळी शेजारीण बाहेर आली. "अहो, दार कशाला बडवताय? तिला ऐकू येत नाही. खिडकीपाशी जाऊन हात हलवा."

पहिला बाक, ओठांवर खिळलेली ती नजर, मग खांब. सगळं एकदम उलगडलं.

बाईने दार उघडलं, ओळखलं आणि स्टूल पुढे सरकवलं. तिचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. "बावीस वर्षं मागावर आहे. डावा कान पार गेला, उजव्याने भोंगा तेवढा कळतो. बाकी सगळं ओठांवरून."

"मी तुम्हाला उठवलं..."

"कळलं होतं मला. तुमचे ओठ स्वच्छ वाचता येतात. मला वाटलं, मागावरच्या बायकांनी मागंच बसायचं, अशी तुमच्यात पद्धत असेल."

ताईंनी तोंडाला पदर लावला आणि रडत पदरामागूनच त्या काहीबाही बोलू लागल्या. बाईने हळूच त्यांचा हात खाली घेतला. "पदराआडून बोलू नका. आणि आधी रडून घ्या, मग बोला. रडता रडता बोललं की ओठ कळत नाहीत."

मग दोघींनी चहा घेतला. जाता जाता बाई म्हणाली, "आमच्या खात्यात अशा अकराजणी आहेत. दोघी येतो म्हणत होत्या. मीच सांगितलं, नका जाऊ. आणि खरं सांगू? पुढे बसून तरी काय मिळालं असतं? तुमच्या पाळकांच्या मिशा ओठांवर येतात."

म्हणजे आपण एक वाक्य बोललो आणि तीन माणसं गेली! ताई तडक गुरुजींकडे गेल्या. गुरुजी आधी भडकले, "तेरा वर्षं बसतोय मी तिथे." सगळी हकीकत ऐकल्यावर ते गुडघा चोळत म्हणाले, "वर्गातला ऐकू न येणारा पोरगा मी नेहमी पुढे बसवला. पलीकडच्या कडेला मला पाय लांब करता येईल ना?"

मिशांचं सांगणं त्याहून अवघड. पाळकसाहेबांसमोर ताई दोनदा "म्हणजे ते..." म्हणून थांबल्या. शेवटी डोळे मिटून बोलून टाकलं. आतून पाळकबाई म्हणाल्या, "देवाचीच कृपा! वीस वर्षं मी सांगतेय."

रविवारी पाळकसाहेब सफाचट तोंडाने उभे राहिले, तशी मागच्या बाकांवर खसखस पिकली. पहिल्या बाकाची कड रिकामी होती, तसा निरोप ताईंनी शनिवारीच त्या बाईला देऊन ठेवला होता. ताई दारातच उभ्या राहिल्या, पहिलं गीत झालं, दुसरं झालं. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. "आपण आपलं केलं," वन्सं म्हणाल्या. ताईंना ते पटलं नाही. एकदा उठवलेलं माणूस पुन्हा बसायला का यावं?

तिसऱ्या रविवारी त्या तिघी आल्या, उपासना सुरू व्हायच्या अगदी तोंडावर, एकमेकींचा हात धरून. ताईंना पाठ केलेलं वाक्य आठवेना. त्यांनी नुसतं पुढच्या बाकाकडे बोट केलं आणि स्वतः बरोबर चालत गेल्या.

पुढे एक वेगळंच काम निघालं. या बायकांना फोन करता येत नसे. दवाखान्याची वेळ घ्यायची असो की मुलाच्या शाळेत काही विचारायचं असो, दर वेळी कुणाच्या तरी विनवण्या. मग दर गुरुवारी कारखान्याची पाळी सुटल्यावर चर्चच्या बाजूच्या खोलीत फोन करून द्यायचे ठरले. यात वन्सं पुढे सरसावल्या. त्या तोवर चर्चमध्ये क्वचितच फिरकायच्या, पण पलीकडचा कारकून कितीही टोलवाटोलवी करू दे, वन्संपुढे त्याची डाळ शिजेना. अकरापैकी चौघीच रविवारी येत, गुरुवारी मात्र सगळ्या. त्यावर कुणी काही बोललं नाही.

ताईंची धाकधूक काही गेली नाही. एखादी दिसली नाही, की त्यांना वाटे, आपलं पुन्हा काही चुकलं का? मग एक दिवस मागावरची बाईच त्यांच्या शेजारी दारात येऊन उभी राहिली.

"समोर बघा," ती म्हणाली. "तो चष्मेवाला तीनदा फाटकापर्यंत येऊन परत गेला. तोंडातल्या तोंडात काय म्हणतोय माहिती आहे? 'जाऊ की नको, जाऊ की नको.'"

ताईंनी पदर सारखा केला आणि त्या पायऱ्या उतरायला लागल्या.