कार्डाच्या मागची बाजू

मी एकदा एका माणसाची अठ्ठावीस वर्षं रद्दीवाल्याला दिली. वर त्याला "नीट बांधून ने, वाटेत सांडू नकोस," असंही बजावलं. नातवंडांना हे मी अजून सांगितलेलं नाही. ती मराठी अक्षरं लावत लावत वाचतात, एका पानाला अर्धा दिवस घेतात, तेव्हा इथे लिहून टाकायला काही भीती नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. इतकं सगळं मला पुढे कधीच कळलं नाही.

हैदराबादेत आबिड्सला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची कचेरी होती. कंपनी शेतीचे पाण्याचे पंप करायची आणि गावोगावच्या दुकानदारांमार्फत विकायची. फेररचनेचे दिवस होते. म्हणजे रोज कुणाचं तरी टेबल हलवलं जायचं, आणि त्यातलं एखादं परत जागेवर यायचंच नाही. त्यासाठीच मुंबईहून नवे साहेब आले होते. त्यांचं म्हणणं, कंपनीची माहिती माणसांच्या डोक्यात आणि खिशात पडून आहे. ती सगळ्यांची झाली पाहिजे. यात काही चूक नव्हतं. चूक पुढे झाली, आणि ती मी केली.

प्रत्येक दुकानदाराचं एक कार्ड करायचं काम माझ्याकडे आलं. नमुना मीच आखला. नाव, पत्ता, मालक, कुठले पंप खपतात, दुसऱ्या कुठल्या कंपनीचा माल ठेवतो. शेवटी "शेरा". शेऱ्याला अर्धं बोट जागा सोडली होती. माणसाबद्दल याहून जास्त काय सांगायचं असणार! तो कोरा नमुना मी घरी नेऊन सासूबाईंना दाखवला. त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि विचारलं, "मागे काहीच नाही?" मी हसले. अडाणी बाई, मनात म्हटलं.

माहिती सगळ्यात जास्त होती ती चाचांकडे. सगळी कचेरी त्यांना चाचाच म्हणायची. फिरते विक्रेते; गौलीगुड्याच्या बसअड्ड्यावरून निघायचे ते आठ-आठ दिवस गावं करून परतायचे. करीमनगरपासून नांदेडपर्यंत त्यांना ओळखत नाही असा पंपवाला नव्हता. दरवर्षीची एक, अशा अठ्ठावीस डायऱ्या त्यांनी कचेरीच्या कपाटात ओळीनं लावून ठेवल्या होत्या, सगळ्या उर्दूत. मी मराठी शाळेतली. उर्दू कानाला सवयीची, डोळ्यांना नाही. म्हणून ते वाचणार आणि मी टाईप करणार, असं ठरलं.

"ये दुकान लिखो," चाचा चष्मा पुसत म्हणायचे. "यहाँ जुम्मेरात को नक्को जाना. कायकू बोले तो..."

"चाचा, मालकाचं नाव?"

"नाम लिखो ना, नाम कहाँ भागता. लेकिन बोर्ड पे भाई का नाम है, फैसला बहन करती. अंदर बोरियों के पीछे बैठती. जब तक वो मज्जिग नहीं भेजती ना, तब तक..."

मज्जिग म्हणजे तेलुगूतलं ताक. मी टाईपरायटरवरून दोन्ही हात उचलले. "चाचा, किस्से नकोत. पत्ता सांगा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, डायरीकडे पाहिलं, आणि पत्ता सांगितला. त्या दिवसानंतर ते फक्त पत्तेच सांगत गेले. मला वाटलं, वा, शिस्त लागली!

दोन महिन्यांत कार्डांचे चार खण भरले. साहेब खूश झाले. त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लोटून सांगितलं, "आता चाचांना मुदतीआधी निवृत्ती देता येईल. पत्र तयार आहे. तुमचा अहवाल आला, की सही करतो, आणि तुमच्या बढतीचंही बघतो." चाचांची अजून चार वर्षं नोकरी बाकी होती, धाकटी मुलगी कॉलेजात होती. मला दोन्ही माहीत होतं. मी मान डोलावली. एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण मी विचारलं, "सर, मग खिडकीजवळचं टेबल मला मिळेल का?" ते टेबल चाचांचं होतं.

चाचा त्या आठवड्यात फिरतीवर होते. कपाट नव्या फायलींसाठी रिकामं करायचं होतं. कार्डं झाली, मग डायऱ्या कशाला? मी अफझलगंजचा रद्दीवाला बोलावला.

चाचा परतले तेव्हा आधी कपाटाजवळ गेले. रिकाम्या फळीवरून त्यांनी बोट फिरवलं. "कहाँ गए?" मी सांगितलं. ते ओरडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती, मुद्द्यांसकट. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. बस, एवढंच.

मी अहवाल लिहायला घेतला. "कार्डांचे काम पूर्ण झाले आहे." ते वाक्य मी तीनदा टाईप केलं, समास सारखा आला पाहिजे म्हणून.

तो देण्याआधीच गौलीगुड्याहून निरोप आला, की आमच्या नावाचं पार्सल बसनं आलंय. सोडवून आणलं तर आत आमच्याच कंपनीचा पत्र्याचा बोर्ड. निळ्यावर पांढरी अक्षरं, कोपऱ्याला खिळ्यांची भोकं. ज्या दुकानात जुम्मेरातला जायचं नसतं, त्या दुकानावर तो लागलेला असायचा. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही.

झालं असं होतं, की साहेबांनी आणलेला नवा विक्रेता माझं कार्ड घेऊन तिथे गेला होता. गुरुवारीच, म्हणजे जुम्मेरातलाच. गुरुवार तिथला बाजाराचा दिवस. सगळे शेतकरी दुकानात बसलेले. त्यानं गल्ल्यावरच्या भावापुढे आमचं माहितीपत्रक पसरलं. भाऊ म्हणाला, बघतो, विचारतो. यानं कार्डावर बोट ठेवून सगळ्यांसमोर म्हटलं, "मालक तुम्हीच ना? मग विचारायचं कुणाला?" आतून बहीण सगळं ऐकत होती. आमचा माल ती वीस वर्षं ठेवत होती. तिनं त्याच दिवशी बोर्ड उतरवला.

मी धावत रद्दीवाल्याकडे गेले. अफझलगंजच्या गल्लीत तो वजनकाट्यामागे बसला होता. "वो? वो तो गिरणी में गए अम्मा, पुठ्ठा बन गया होगा अब तक." मी तिथे उभी राहून रडले, हे लिहायला नको होतं, पण लिहिलं. रद्दीवाल्यानं बिचाऱ्यानं बसायला मासिकांचा गठ्ठा दिला.

आता सगळं एकाच जागी उरलं होतं, चाचांच्या डोक्यात. आणि ते दार त्यांनी लावून घेतलेलं. नव्या विक्रेत्यानं काही विचारलं, की म्हणायचे, "कार्ड से पूछो ना मियाँ." साहेबांनी विचारलं तरी तेच, फक्त "मियाँ"च्या जागी "सर". मी चहा नेऊन ठेवला तर म्हणाले, "मेरे कार्ड पे देखो, चाय लिखी है क्या?"

दोन दिवस मी जेवले नाही. म्हणजे दुपारी नाही, रात्री जेवायची. मग ठरवलं. तो बोर्ड परत लागला पाहिजे, आणि तो मीच लावणार. जुन्या साडीत बोर्ड गुंडाळला आणि चाचांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"चाचा, मला तिथे घेऊन चला."

"कार्ड पे पता है ना? तुमहीच लिखे."

"पत्ता आहे. बाकी काहीच नाही. मी मूर्ख आहे, चाचा."

चाचांनी टाईप करणाऱ्या सगळ्या मंडळींकडे पाहिलं. मशिनं थांबली होती. "जोर से बोलो," ते म्हणाले, "उस कोने में सुनाई नहीं दिया." मी जोरात म्हटलं. अजूनही आठवलं की कान गरम होतात.

बुधवारी सकाळच्या बसनं निघालो. बायकांनी फिरतीवर जायची तेव्हा पद्धत नव्हती. सासूबाईंनी डबा बांधून दिला आणि शेजारी सांगितलं, की सून सरकारी कामाला गेलीय. बोर्ड गाडीत आडवा बसेना. पाच तास मी तो गुडघ्यांवर उभा धरला होता. प्रत्येक खड्ड्याला त्याची कड माझ्या हनुवटीला लागायची. चाचा खिडकीबाहेर बघत होते, पण गाल हलत होते त्यांचे.

दुकानात चाचा नुसते बसले. पंपाचं नाव नाही. भाचीची दहावी, पाऊस, गुडघेदुखी. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. तासाभरानं पोत्यांमागून स्टीलच्या पेल्यांतून ताक आलं. आलं-कोथिंबीर घातलेलं. मग पडद्याआडून ती बहीण आली. डोक्यावर पदर, चष्मा, हातात बिलांची वही. तिनं साडीतल्या गाठोड्याकडे पाहिलं.

"ही कोण?" तिनं चाचांना तेलुगूत विचारलं.

"कार्ड लिहिणारी," चाचा म्हणाले.

ती माझ्याजवळ आली. "मग माझं काय लिहिलंस, अम्मा?"

मी कार्ड काढून वाचलं. नाव भावाचं, पत्ता दुकानाचा. तिचं काहीच नव्हतं. मी कार्ड उलटं केलं, पेन काढलं आणि म्हटलं, "सांगा."

ती बसली. नवरा गेल्यावर दुकान कसं हातात घेतलं, गुरुवारी बोलणी का नकोत (शेतकऱ्यांसमोर भावाचा मान जायला नको), कुठल्या काळ्या मातीत आमचा पंप गाळानं बसतो आणि ती स्वतः त्याला जाळी कशी लावून देते, सगळं. जाळीचं कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं, मुंबईलासुद्धा नाही. कार्डाची मागची बाजू भरली, मग माझा तळहात. निघताना तिनं भावाला हाक मारली, "शिडी आण रे." खिळे जुन्याच भोकांत ठोकले.

परतल्यावर मी सगळ्या कार्डांची मागची बाजू उघडली. नियम एकच केला: फिरतीवरून आलेल्यानं मागे एक ओळ लिहिल्याशिवाय त्याला चहा नाही. कुणी तेलुगूत लिहायचा, कुणी इंग्रजीत, चाचा उर्दूत, मी मराठीत. मग कुणाचं कुणाला वाचता येईना! म्हणून शनिवारी दुपारी सगळे बसून आपापली ओळ मोठ्यानं वाचायला लागले. भांडणं व्हायची. "वो मालिक वैसा नहीं है रे," असं चाचा ओरडायचे आणि दुसरी ओळ सांगायचे. नवा विक्रेता सगळ्यात जास्त लिहायचा, एकदा तोंड भाजलेलं होतं ना.

राहिला अहवाल. साहेबांनी पुन्हा आत बोलावलं. चाचांचं पत्र तसंच टेबलावर होतं, सहीची जागा कोरी. "बोर्ड लागला, छान झालं," ते म्हणाले. "आता पूर्ण झालं म्हणून लिहून द्या, मी सही करतो."

मी जुना अहवाल फाडला आणि त्यांच्यासमोर नवा हातानं लिहिला: काम अपूर्ण आहे. पाया चुकीचा घातला गेला, चूक माझी. मजकुराचा मूळ आधार मी नष्ट केला असून तो आता केवळ एका माणसाकडून मिळू शकतो. त्यास निदान चार वर्षे लागतील.

"चार?" साहेब म्हणाले. "तुमच्या बढतीचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय सर. खिडकीजवळचं टेबलही नको."

त्यांनी कागद बाजूला ठेवला. मग मी अहवालासोबत ठेवलेलं जाळीच्या ओळीचं ते कार्ड उलटं करून पाहिलं आणि चाचांचं पत्र खणात टाकलं. बढती मला पुढे सहा वर्षं मिळाली नाही, आणि मिळाली तीही दुसऱ्या साहेबांकडून.

बाहेर आले तर चाचा खिडकीजवळ बसले होते. अहवालाची प्रत मी त्यांच्यापुढे ठेवली आणि मोठ्यानं वाचून दाखवली, कोपऱ्यात ऐकू जाईल अशी. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला, पायानं समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "पैली बार ढंग का कुछ लिखे तुम, बेटी. चलो, अब कलम नीचे रखो. पैले किस्सा सुनो, पता बाद में."