शेपूट पिरगाळून

मारुंजीतले आमचे म्हातारे घरमालक खेळण्यांचे व्हिडिओ टाकून कमावतात. पूर्वी गावाला बैल पारखून द्यायचे. आता मोटार असो की बाहुली, तशीच उलटीपालटी करून निकाल देतात, "माल लई तकलादू हाय."

त्यालाही माझी ना नव्हती. पण आम्हा भाडेकरूंची पार्सलंही तेच घेऊन ठेवतात. परवा त्यांनी माझ्या लेकीच्या वाढदिवसाचा डायनासोर परस्पर कॅमेऱ्यापुढं उघडला, दात मोजले आणि शेपूट पिरगाळलं. ते हातातच आलं.

मी तणतणत गेलो. "अहो, आधी विचारायचं तरी!"

"इचारलं असतं, तर तुमी न्हाई म्हनला असता. मग ह्यो माल पोरीच्या गळ्यात पडला असता."

नाइलाजानं मी दुसरा डायनासोर आणला. लेकीनं खोकं उघडलंच नाही.

"बाबा, आधी आजोबांना शेपूट ओढू दे."