सात बरण्या

कुठलंही पिंप, डबा, बरणी समोर आली की काका मधलं बोट वाकवून त्यावर दोनदा ठोकायचे, कान जवळ न्यायचे आणि म्हणायचे, "अजून आहे." झाकण न उघडता किती आहे तेही सांगायचे. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवीन. फलटणहून बी.कॉम. होऊन आलेला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. पण मालाची साधी चिठ्ठी मला भरता येत नव्हती. "पदवीधर, बस इथं," म्हणून त्यांनी ती मला शिकवली, न रागावता, तीन वेळा. मी मेसमध्ये जेवतो हे कळल्यावर दर रविवारी कोपरखैरण्याला घरी जेवायला बोलवू लागले. तेव्हापासून ते माझे काका झाले, त्यांची बायको काकू.

काका नगरकडचे ख्रिस्ती, आजोबांपासून मिशनच्या जुन्या चर्चमधले. काकूही तशाच. पण इकडे राहायला आल्यावर त्या सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये भरणाऱ्या प्रार्थनासभेला जाऊ लागल्या आणि घरात एक वाद शिरला. येशू ख्रिस्त परत येणार याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. तो कसा येणार, यावर त्यांचं जमत नव्हतं.

काका म्हणत, तो एकदाच येईल, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मेलेले उठतील, सगळ्यांचा न्याय होईल. दिवस कुणाला ठाऊक नाही. काकूंच्या सभेत शिकवत, की आधी तो गुपचूप येऊन आपल्या माणसांना वर उचलून नेईल. मागे राहतील त्यांच्यावर सात वर्षं भयंकर संकटं येतील, मग तो उघडपणे येऊन हजार वर्षं राज्य करील. तिथे भिंतीवर त्याचा रंगीत तक्ताच होता, बाण काढलेला. आमच्या कारखान्यातला फिटर गोव्याचा कॅथलिक. तो म्हणायचा, आमचे फादर सांगतात, ती हजार वर्षं कधीच सुरू झालीत. त्यावर काका कप पुढे करायचे. "मग कँटीनचा चहा असा का?"

मी हिंदू घरातला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. जेवता जेवता ऐकायचो.

बायबलात दळणाऱ्या दोन बायकांची गोष्ट आहे म्हणे. एकाच जात्यावर बसलेल्या. त्यातली एक नेली जाते, एक राहते. रविवारच्या जेवणात या दोघी हटकून यायच्या. काकूंच्या मते नेली ती प्रभूकडे गेली, राहिली ती बिचारी. काका म्हणत, त्याच्या वरचं वाच. तिथे नोहाच्या पुराचं आहे, आणि पुराने नेले ते बुडाले. "राहिली ती वाचली," असं म्हणून ते भाकरी मोडायचे. तुम्हीही अशी जोडपी पाहिली असतील, एकाच पुस्तकाच्या दोन टोकांना धरून संसार करणारी. मला त्याची गंमत वाटायची.

गंमत नव्हती ती. सभेच्या शिकवणीप्रमाणे काकू जाणार होत्या आणि काका मागे राहणार होते, कारण त्यांनी सभेत पुन्हा बाप्तिस्मा घेतला नव्हता. काकूंनी किती विनवलं. काका म्हणायचे, "लहानपणी झालाय माझा. पुसला गेला का?"

एका सकाळी काकू भाजी घेऊन आल्या तर दार उघडं. काकांच्या चपला दाराशी, कपात अर्धा चहा, रेडिओ चालू, आणि काका नाहीत. काका अनवाणीच गच्चीवर अँटेना सरळ करायला गेले होते. खाली येऊन बघतात तर काकू पिशवी मांडीवर घेऊन जिन्यात रडत बसलेल्या. काकांनी हे आठवडाभर कारखान्यात सांगितलं. "मला नेलं आणि तिला ठेवलं, असं वाटलं तिला! पदवीधर, केस जिंकली आपण."

पुढच्या रविवारी जेवताना त्यांनी तेच माझ्यासमोर काढलं. काकूंनी पळी खाली ठेवली.

"आधी भ्यायले," त्या म्हणाल्या. "मग बरं वाटलं. म्हटलं, मी राहिले तर राहिले, हे तरी सुटले."

काकांनी ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही.

काकूंनी दोन वर्षं वर्षाचा मसाला करणं सोडलं होतं. प्रभू यायला तेवढा वेळच कुठे आहे, म्हणायच्या, आणि पाव किलोची पुडी आणायच्या. त्या एप्रिलमध्ये मात्र त्यांनी काकांना मसाला मार्केटमधून मिरचीचं अख्खं पोतं आणायला लावलं. गच्चीवर मिरच्या वाळल्या, सगळी बिल्डिंग शिंकली, सोसायटीचा सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून तक्रार घेऊन आला. तीन दिवस डंकावर कुटणं चाललं. काका खूश होते. त्यांना वाटलं, बाई पुन्हा वर्षाचं बघायला लागली.

रविवारी काकूंनी मला स्टोअरमधल्या चिकटपट्ट्या आणायला सांगितल्या होत्या. "तुझं अक्षर चांगलंय. लिही, पहिलं वर्ष." मी लिहिलं. मग दुसरं, तिसरं. चौथ्याला माझा हात थांबला. सात बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि त्या खाणारा, मागे राहिलेला, एकटाच असणार होता.

काका दारात उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "अगं, मसाला सात वर्षं टिकत नाही."

"हिंग जास्त घातलाय," काकू म्हणाल्या.

दिवाळी झाली आणि एका सकाळी कारखान्यात शेजाऱ्यांचा फोन आला. मी काकांना रिक्षातून घेऊन गेलो. छातीत दुखतंय म्हणून काकू आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. दफनाला दोन्हीकडची माणसं आली. पाळकांनी जुन्या चर्चची प्रार्थना म्हटली, सभेच्या लोकांनी त्यांची गाणी. मेलेले आधी उठतील, हे दोघांनीही सांगितलं. तेवढं त्यांचं जमत होतं.

नंतरच्या एका रविवारी गेलो तर काकांनी पिठलं केलं होतं, गुठळ्या झालेलं. पहिली बरणी अर्ध्यावर आली होती. त्यांनी तिच्यावर दोनदा बोट वाजवलं, कान लावला, पण "अजून आहे" म्हटलं नाही. मग म्हणाले, "राहिली ती वाचली, असं मी म्हणायचो ना रे?"

मी हो म्हटलं.

"तू शिकलेला आहेस. तुला काय वाटतं?"

त्यांच्या अन्नावर आणि त्यांनी शिकवलेल्या कामावर मी उभा होतो. मी पाण्याचा तांब्या त्यांच्या बाजूला सरकवला.

पुढच्या वर्षी निवृत्त होऊन ते नगरकडे भावाकडे निघाले. टेंपोत सामान थोडंच होतं. बरण्या त्यांनी मागे ठेवू दिल्या नाहीत. गोधडीत गुंडाळून पायाशी घेतल्या, एक मांडीवर. बरणीवरचं माझं अक्षर मला दिसत होतं, सातवं वर्ष. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनीच शिकवलेलं बोलून गेलो, "काका, जुना माल ठेवू नका, वाटून टाका. टिकायचा नाही."

"हिंग जास्त घातलाय तिनं," ते म्हणाले, आणि बरणीचं झाकण दाबून बसवलं.