गॉगलवालं अस्वल आणि दिंडोरीचं बोरन्हाण

नाशिक रोडहून निघाले तेव्हा पिशवीत तिळगुळाचा डबा, गुडघ्याचा पट्टा आणि तळाशी लपवलेला वाचायचा चष्मा होता. चारचौघांत चष्मा लावला की मी म्हातारी दिसते. सत्तरी उलटल्यावर ही काळजी घ्यावीच लागते.

सीबीएसला बस बदलली. दिंडोरी जवळ आली तशा दुतर्फा द्राक्षबागा लागल्या, आणि पाहते तर घडन् घड वर्तमानपत्रात गुंडाळलेला! शेजारच्या बाईंना विचारलं, "इथली द्राक्षं पेपर वाचतात का हो?"

"ऊन-थंडीनं मणी गुलाबी पडत्यात, आजी. मंग भायेरच्या देशातलं गिऱ्हाईक घेत नाय. म्हनून झाकायचं."

परदेशी गिऱ्हाइकाची केवढी ही माया! मी मान डोलावली.

धाकट्या बहिणीच्या, शैलाच्या नातवाचं बोरन्हाण होतं (बाळाच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, हलवा ओतायचा आणि जमलेल्या पोरांनी ते सगळं लुटायचं). गुळाची पोळी तुपात बुडवून हाणली आणि बैठकीत आले. रुद्रबाळ काळ्या झबल्यात, हलव्याच्या दागिन्यांत वैतागून बसलेलं. भोवती गल्लीतली पोरं दबा धरून. शेजारी भरलेली परात, आणि बोरांवर चमचमणारी गुलाबी पाकिटं. पाकिटावर गॉगल घातलेलं अस्वल जिभल्या चाटत होतं.

"ही काय नवीन बोरं?" मी विचारलं.

शैलाचा मुलगा अमोल, म्हणजे बाळाचा बाप, खुशीत म्हणाला, "मावशी, हायवेच्या दुकानातून आनली. आयुर्वेदिक हाय! आत साखरेत घोळलेल्या, अस्वलाच्या आकाराच्या चघळायच्या गोळ्या. दुकानदार म्हनला, कॉलेजची पोरं उड्या मारत्यात."

अमोलला मी हसणार नाही. देखण्या खोक्याला भुलण्यात माझा हात कोण धरणार? विशीत मी खोक्यावरच्या बाईसारखे दात व्हावेत म्हणून एक दंतमंजन जीव तोडून घासलं. बाईचे दात अजून शाबूत आहेत, माझे कवळीत आहेत. त्याच दिवसांत, मैत्रिणींत पुढारलेलं दिसावं म्हणून रंगपंचमीला भांगेची थंडाई ढोसली आणि विजेच्या खांबाला सासूबाई समजून वाकून नमस्कार केला. खऱ्या सासूबाई मागेच उभ्या होत्या.

म्हणूनच 'आयुर्वेदिक' म्हटल्यावर माझा हात पिशवीच्या तळाशी गेला. म्हातारी तर म्हातारी. चष्मा लावला. पाकिटाच्या मागे, शिवणीच्या घडीत, मुंगीला लाज वाटेल अशा अक्षरांत लिहिलं होतं: विजया अर्क. वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे. मुलांपासून दूर ठेवा. विजया म्हणजे आपली भांग. अस्वल मात्र हातभर.

"शैला, थांब! यात भांग आहे."

"ताई, ओवाळून झालंय, आता अडवू नकोस गं," म्हणत तिने परात उचललीच.

"एखादी खाल्ली तर काय व्हतंय, मावशी?" अमोल.

"मग तूच खा आधी."

"मी कसा खानार? मला फवारनीला ट्रॅक्टर काढायचाय."

"म्हणजे ट्रॅक्टरला धोका आहे, पोरांना नाही!"

बोलता बोलता मी परातीतली पाकिटं पदरात ओढली. एक मात्र पुढच्या पोरीने आधीच लांबवलं होतं आणि दातांनी फोडायला घेतलं होतं. जेमतेम सहा वर्षांचा जीव! रुद्रच्या गळ्यातला हलव्याचा हार काढून तिच्या गळ्यात घातला, तेव्हा कुठे मूठ सुटली. रुद्रने भोकाड पसरलं. पसरू दे.

मग बोरन्हाण झालं. निव्वळ बोरांचं. पोरांनी तेवढ्याच जोमाने लुटलं.

निघताना ती पाकिटं अन्न-औषधवाल्यांच्या टेबलावर नेऊन टाकायची म्हणून मी घेतली. अमोलने आतून रद्दी आणली आणि घडांना चढवतो तशा सराईत हाताने एकेका अस्वलाला कागद चढवला.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या चिमुरडीने माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "आजी, काय आहे?"

"तूच बघ."

"पेपर," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

अशा पाकिटांचे नियम करणाऱ्या साहेबांना एकदा या बसने दिंडोरीला न्यावं म्हणते. कागदात गुंडाळलेले घड दिसतील अशी खिडकीची जागा देईन. चष्माही देईन.