अक्कांची कादंबरी आणि नानांची वांगी

"तठे नको देखू. आठे आयक."

हातावर रबरी पट्टा आवळताना अक्का हे म्हणायच्या. तिकडे बघू नकोस, इकडे ऐक. समोरच्या खुर्चीत बारा-चौदा वर्षांचं कुणीतरी डोळे घट्ट मिटून बसलेलं असायचं आणि मागे खांदा धरून त्याची आई. अक्का बोटाने शीर चाचपत गोष्ट सुरू करायच्या. "तर ती पोरगी केळीच्या ट्रकात चढली. वर ताडपत्री, आत अंधार. आणि आत कोणीतरी आधीच बसलेलं होतं." सुई केव्हा गेली, नळी केव्हा भरली, मुलाला कळायचं नाही. कापसाचा बोळा दाबून अक्का म्हणायच्या, "झालं." मग त्या मुलाच्या तोंडाकडे बघत थोडं थांबायच्या. मूल उठून चालू लागलं, तर घरी जाऊन तो प्रसंग खोडायच्या. "आत कोण होतं?" असं विचारत ते खुर्चीतच बसून राहिलं, तर प्रसंग राहायचा.

तुम्ही लहानपणी आमच्या लॅबमध्ये रक्त तपासायला आला असाल, तर अक्का तेव्हा लिहीत होत्या त्या कादंबरीतली एखादी ओळ तुमच्यामुळे राहिली किंवा गेली असेल. तुम्हाला ते कुणी सांगितलं नसेल, एवढंच.

मी तिथे रिपोर्ट टाइप करायचो. मराठी घेऊन एम.ए. झालेलो असल्यामुळे अक्कांनी मला नावाने कधी हाक मारली नाही.

"ए एम.ए., 'खिन्न' हा शब्द चौदा वर्षांच्या पोराला कळतो का?"

"कळायला हवा."

"हवा-बिवा नको सांगू. कळतो का?"

त्या शब्द खोडायच्या आणि लिहायच्या, 'तिला जेवण गेलं नाही.'

अक्कांनी पन्नाशी कधीच ओलांडली होती. माहेर दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातलं, म्हणून बोलताना मध्येच अहिराणी यायची. विशेषतः रागात आणि लाडात. जळगावात मेहरूण भागात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या खाली केस रंगवलेल्या कोरियन गायकांचं मोठं पोस्टर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पोस्टरकडे बघतच राहिलो.

"हे पोरींचे लाडके शेतस," अक्का म्हणाल्या. "मला चौघांची नावं येतात. बाकीचे सगळे एकाच आईचे वाटतात."

समोरच्या घरातल्या नववीतल्या मुलीने त्यांना हे सगळं शिकवलं होतं. कोरियन मालिका त्या मोबाइलवर खालच्या ओळी वाचत बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी मला त्यातले दोष सांगायच्या. "सोळा भाग झाले तरी तो तिचा हात धरत नाही. आणि पोरी बघतात, बरं का. का बघतात? विचार कर. एम.ए. झालास ना." रिक्षावाल्याकडे लागलेली रॅप गाणी त्या वाकून ऐकायच्या. बालनाट्य स्पर्धेला सगळ्यात आधी जाऊन बसायच्या. सकाळी तलावावर फिरायला जायच्या, पण फिरणं कमीच. मुलं जिथे घोळक्याने बसतात तिथे चपलेचा अंगठा नीट करत रेंगाळायच्या. ती कशाला हसतात, कशाला चिडतात, हे ऐकायला.

सिनेमाला मात्र मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो. त्यांनी मुद्दाम कडेच्या खुर्च्या घेतल्या आणि पडद्याकडे जवळजवळ पाठ करून बसल्या. मला लाज वाटली. मध्यंतरात म्हणाल्या, "पडदा काय, तो उद्याही आहे. पोरांचा हात बघ. पॉपकॉर्न खाता खाता कुठे थांबतो, ते बघायचं."

डेंग्यूच्या दिवसांत अक्का खुलायच्या, असं म्हणणं बरं दिसत नाही, पण ते खरं आहे. प्लेटलेट मोजायला मुलं रोज यायची आणि रोज पुढचा तुकडा ऐकायची. एकदा एक बाई मुलीला घेऊन आली. "अक्का, हिला आता ताप नाही, काही नाही. डॉक्टरांनी बोलावलेलं नाही. पण सकाळपासून लॅबमध्ये चल म्हणून जीव खाते."

अक्कांनी मुलीला बाकावर बसवलं आणि सुईशिवाय एक अख्खं प्रकरण सांगितलं. बाई उभ्या उभ्या ऐकत राहिली.

ती कादंबरी त्यांची तिसरी. आधीच्या दोन प्रकाशकांकडून परत आल्या होत्या. ही मी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या कॉम्प्युटरवर टाइप करून दिली. गोष्ट सरळ आहे. एका मुलीचा मोठा भाऊ घर सोडून जातो. ती केळीच्या ट्रकात लपून दिल्लीला जाते आणि तिथल्या बाजारात केळी उतरवणाऱ्या माणसांत त्याला शोधून काढते. तो परत यायला नकार देतो. म्हणतो, आबांना सांगू नकोस मी कुठे आहे. ती एकटी घरी परतते आणि वडिलांना सांगत नाही. कादंबरी तिथे संपते.

पुण्याच्या एका प्रकाशकांना ती आवडली. त्यांच्या संपादकांचा फोन आला तेव्हा आम्ही डबे उघडले होते. अक्कांच्या हाताला ठेचा लागला होता, म्हणून त्यांनी मला फोन मोठ्या आवाजावर लावायला सांगितलं.

"मॅडम, लेखन उत्तम आहे. फक्त शेवट बदलावा लागेल. भाऊ परत यावा, वडिलांच्या पाया पडावा."

"का?"

"मुलगी वडिलांपासून लपवते, हे बरं नाही. मुलांची पुस्तकं मुलं विकत घेत नाहीत, आईबाप घेतात. आईबापांना हा शेवट रुचणार नाही."

"मुलांना रुचतो."

"तेच तर म्हणतोय मॅडम. संक्रांतीपर्यंत कळवा. तसं झालं नाही, तर आम्हाला नाइलाजाने थांबावं लागेल."

अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ तो हातातच ठेवला. मग म्हणाल्या, "परत येणारे भाऊ मी पुष्कळ वाचले, एम.ए. आमचा आला नाही. मी चौदाची होते. तेव्हा मला वाचायला काही सापडलं नाही. जे सापडायचं त्यात सगळे परतच यायचे."

एवढंच. पुन्हा त्यावर बोलल्या नाहीत.

पण त्यांनी दुसरा शेवट लिहिला. मीच तो टाइप केला. भाऊ परत येतो, वडील रडतात. वाईट असता तर प्रश्न सुटला असता. तो चांगला होता. टाइप करताना माझे डोळे भरून आले आणि हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी ते कागद माझ्याकडेच ठेवायला सांगितले.

आमच्या लॅबच्या डॉक्टरांचे काका नशिराबादला राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. दर हिवाळ्यात एका रविवारी त्यांच्या शेतात आम्हा सगळ्यांची भरीत पार्टी असते. आमच्याकडे भरीत काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग, त्यात हिरवी मोठी वांगी आणि शेजारी हातात लांब काठी घेतलेले नाना. काड्यांचा विस्तव भडकतो आणि लगेच बसतो. वांगं वेळेवर उलटलं तर जमतं. त्या विस्तवापाशी नाना दुसऱ्या कुणाला फिरकू देत नसत. माणूस कडक. मुलं पन्नाशीला आली, पण त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत.

जाताना गाडीत अक्का मला म्हणाल्या, "दोन्ही शेवट घेतलेस ना? आज माझा वाचते. लोक जांभया द्यायला लागले, तर उद्या दुसरा पुण्याला पाठवून देते. रडणार-बिडणार नाही."

नानांना त्यांनी रीतसर विचारलं.

"वाच बाई," नाना म्हणाले. "पोरायची गोष्ट आहे तं पोराईले घेऊन तिकडं लिंबाखाली बस. मले इथं काम आहे."

मुलं आणि कांद्याची पात चिरणाऱ्या बायका लिंबाखाली बसल्या. अक्कांनी आधीची गोष्ट थोडक्यात सांगितली आणि शेवटची दोन प्रकरणं वाचायला घेतली. मी मुद्दाम बाजूला बसलो होतो. पहिल्यांदा विळीचा आवाज थांबला. मग डॉक्टरांचा ड्रायव्हर मोबाइल खिशात घालून जवळ आला. नाना पाठमोरे होते. दिल्लीचा बाजार आला, तेव्हा ते अर्धे वळले. भाऊ म्हणाला, 'मी येत नाही', तेव्हा ते पूर्ण वळले आणि काठी जमिनीत टेकवून दोन्ही हात तिच्यावर ठेवून उभे राहिले.

अक्का वाचत होत्या. मुलगी घरी येते. आबा ओट्यावर बसलेले. 'कुठे होतीस?' ती म्हणते, 'भूक लागली.' आबा उठून आत जातात, दोन ताटं वाढून आणतात. दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

अक्कांनी कागद मिटले. पहिले बोलले ते नाना.

"मंग तिनं सांगितलंच नाही?"

"नाही."

"कधीच नाही?"

"पुस्तक तिथं संपतं, नाना."

"बरं केलं पोरीनं," नाना म्हणाले. "भावाचा शब्द राह्यला. अन् बापाले काय, ते कळलंच असीन. पोरगा जित्ता आहे, एवढं तिच्या तोंडावर दिसलं असीन त्याले."

तेवढ्यात त्यांच्या सुनेने पदर नाकाला लावला. "नाना, वांगे."

सगळे धावले. वांगी एका बाजूने कोळसा झाली होती आणि दुसऱ्या बाजूने जशीच्या तशी हिरवी. एकही उलटलेलं नव्हतं. नाना वाकले, काठीने एक वांगं इकडून तिकडे केलं. त्यांची मुलं लांबच उभी राहिली. आता काय होतं, याची वाट बघत.

"जयले," नाना म्हणाले. मग अक्कांकडे वळून, "तुह्या ट्रकानं माह्ये वांगे नेले, बाई."

आणि हसले. त्यांना हसताना त्यांच्या सुनेनेही फारसं पाहिलेलं नसावं, कारण ती आधी घाबरलीच.

दुसरा शेवट माझ्या पिशवीत होता. मी अक्कांना हळूच विचारलं, "हा वाचायचा?"

"आता कशाला? त्याच्यावर शेंगदाणे ठेव पोरांना."

त्या दिवशी आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी कच्च्या पातीशी आणि ठेच्याशी खाल्ल्या. भरीत नाही म्हणून कुणी कुरकुरलं नाही. जेवण झाल्यावर अक्कांनी बांधावर उभं राहून पुण्याला फोन लावला.

"शेवट तोच राहील."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"कारण वांगी जळाली. नाही, तसं नाही. मी बरी आहे. नाही हो, आग वगैरे लागलेली नाही. असं करा, तुम्ही जळगावला या, मग सांगते."

संपादक खरंच आले. नानांच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळी हकीकत नानांच्याच तोंडून ऐकली. आईबापांना रुचणार नाही, हे त्यांनी एकदा नानांना म्हणून पाहिलं. नाना म्हणाले, "मी कोण आहे मंग?" कादंबरी आली ती अक्कांच्या शेवटासह. पहिल्यांदा छापलेल्या प्रती संपल्या आणि ती पुन्हा छापावी लागली.

शाळांमधून बोलावणी येऊ लागली. धुळ्याच्या एका शाळेतून परतल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का लॅबमध्ये आल्या आणि पिशवीही खाली न ठेवता माझ्यासमोर उभ्या राहिल्या. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली होती. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "माझा दादा कुठे आहे, मला माहीत आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, नको सांगू. मलाही नको. भूक लागली का, विचारलं. बाहेर गाडीवर भजी खाल्ली दोघींनी. चार घास झाल्यावर ती जी बोलायला लागली, एम.ए., बठ्ठं बोलली. शाळेचं, आईचं, मैत्रिणीचं. फक्त ते सोडून." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "जिंकले रे मी."

अक्कांनी असं स्वतःबद्दल बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नंतरही नाही. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. आजार थोडक्यात आटोपला. चौथी कादंबरी अर्धी राहिली आहे आणि ती तशीच राहील. तिच्यात हात घालायची माझी योग्यता नाही. त्यांच्या जागी आता एक तरुण मुलगी आहे. चांगली आहे, हात हलका आहे. मुलं डोळे मिटून बसतात, रक्त देतात आणि उठून जातात.

या हिवाळ्यात नशिराबादला जावं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. नानांचा निरोप आला, म्हणून गेलो. काड्या रचून झाल्या होत्या. लिंबाखाली मुलं बसली होती आणि नानांची नात अक्कांचं पुस्तक उघडून, घसा साफ करून वाट बघत होती.

नाना माझ्याकडे आले आणि त्यांनी काठी माझ्या हातात दिली. भोवतीची माणसं बघतच राहिली.

"तुले ते पाठ आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो. मीच टाइप केलं होतं."

"मंग तू बस विस्तवापाशी. मले आयकायचं आहे."

ते लिंबाखाली जाऊन मुलांच्या मागे जमिनीवर बसले. नातीने वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज बारीक होता आणि काही ठिकाणी ती अडखळत होती. मी तिकडे पाहिलं नाही. विस्तव बसत आला होता. एकेक वांगं काठीने उलटत राहिलो. ती दिल्लीच्या बाजारापर्यंत पोचली आणि माझ्या पाठीमागे कुणाचाच आवाज येईनासा झाला.